पांढरकवड्याचा वाद, लेस्टरचं काउंटर

दरवर्षी १० ऑक्टोबरला आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं पोस्टर कोणीतरी टाकतं, खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. मग पांढरकवड्याचा एक मित्र लिहितो, "दिवसभर वावरात राबला का झोप लागते बाप्पा, हे सारे शहरातले चोचले." पुण्यातली मंडळी त्याच्यावर तुटून पडतात: लोकांमध्ये जागृतीच नाही! आणि हटकून कोणीतरी मला मध्ये ओढतं. "तुमच्या इंग्लंडात बघ, लोक किती मोकळेपणाने बोलतात."

मित्राचं म्हणणं तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यानेच खोटं ठरवलंय. वावरात राबणारेच तिथे जीव देत आले आहेत. पण पुणेकरांचंही मला पटत नाही, आणि मोकळेपणाने बोलणारं ते इंग्लंड मला माझ्या काउंटरवरून फारसं दिसत नाही.

मी लेस्टरमध्ये औषधांच्या दुकानात काम करते. वस्ती बहुतेक गुजराती. साठीच्या एक मासी डोकं दुखतं, पाठ दुखते म्हणून सारख्या गोळ्या न्यायला येतात. त्यांच्याच नावाची सर्ट्रालीनची कागदी पिशवी मात्र आमच्या फळीवर तशीच पडून असते. डॉक्टरांनी उदासीवर लिहून दिलेलं औषध, साठी उलटली म्हणून फुकट, घरापासून पाच मिनिटांवर. मासी ते नेत नाहीत, कारण शेजारच्या काउंटरवरची मुलगी त्यांच्या सुनेच्या नात्यातली. मासींना काय कळायचं राहिलंय? पोस्टर आमच्या दारावरही आहे.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ पासून समुपदेशनाची मोठी यंत्रणा उभारली. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा लागत नाही, आपणच नाव नोंदवायचं. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी होती, असे नऊ प्रश्न विचारतात आणि गुण मांडतात. सोय चांगली आहे, नावं ठेवणार नाही. पण फॉर्म भरता येणारा, फोनवर इंग्रजीत स्वतःबद्दल बोलता येणारा माणूस तिथे आधी पोहोचतो. दुसरीकडे, मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल केल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे. एकाच यंत्रणेत कोणी स्वतः नाव नोंदवून येतो, तर कोणाला पोलीस घेऊन येतात.

आता आमच्या जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्याचं बघा. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, एखाद्या बाईला मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर यवतमाळ, म्हणजे शंभराच्या आसपास किलोमीटर. तिची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, आणि गोळ्या महिन्याभरात संपल्या की पुन्हा तोच फेरा. फोनचं म्हणाल तर घरात एकच मोबाइल, तो नवऱ्याच्या खिशात. त्याच्याबद्दलच बोलायचं असेल तर तिने १४४१६ कुठून लावायचा? जनजागृती हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम. म्हणूनच सरकारांना ते आवडतं, असं माझं मत आहे.

आणि उपाय शोधायला इंग्लंडात यायची गरजच नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण उपचारापर्यंत पोहोचत होते, दीड वर्षाने २७. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं, समुपदेशक गावाजवळ बसवले आणि डॉक्टर ग्रामीण दवाखान्यात आणला, एवढंच. त्याच वर्षी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या प्रयोगाचेही निष्कर्ष आले. तिथे मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना बरं वाटायला मदत केली. जगभर हे दाखले देतात. आपल्याकडे प्रकल्पाचा निधी संपला की ते दाखल्यापुरतेच उरतात.

राज्य सरकारने काही केलंच नाही असं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारपूस करायचं काम आशाताईंना दिलं. माणसं अगदी योग्य निवडली. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे आशाताईइतकं कोणाला कळतं? पण लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, नाना सर्वेक्षणं, या ओझ्यावर ही आणखी एक वही ठेवली. याच आशाताई २०२३ च्या अखेरीस मोबदल्यासाठी संपावर गेल्या. कागदोपत्री त्या अजून स्वयंसेविकाच आहेत.

लेस्टरमध्ये समुपदेशनाच्या यंत्रणेत साधारण हेच काम करणाऱ्या मुलीला आधी वर्षभर पगारी प्रशिक्षण मिळतं, पुढेही पगार, रजा, पेन्शन. शिवाय दर आठवड्याला तिची वरिष्ठ तिच्याबरोबर बसते, एकेका रुग्णाबद्दल बोलते, ती स्वतः कशी आहे हेही विचारते. आमच्या आशाताईने फवारणीचं औषध हातात घेतलेल्या माणसाला दोन तास समजावून घरी यायचं, भाकऱ्या थापायच्या आणि सकाळी पोलिओचा डबा घेऊन निघायचं. तिच्याबरोबर बसणारी वरिष्ठ कुठल्या तालुक्यात नेमली आहे, तिच्या पगाराची तरतूद कुठल्या खात्यात आहे, हे पुणेकरांनी एकदा विचारावं.