जीआयपीची बत्ती आणि ८,६१० रुपये

दाराशी कुरियरचा पोरगा उभा. काखेत खोकं, हातात मोबाईल. "काका, आठ हजार सहाशे दहा." कसले, विचारलं तर म्हणाला, "ड्युटीचे. क्यूआर स्कॅन करा, मग ओटीपी सांगा." आत स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. हिला मी वस्तूचीच किंमत नऊ हजार सांगितली होती. त्यामुळे पुढचा संवाद इथे लिहीत नाही.

गोष्ट २०२४च्या पावसाळ्यातली. परवा पाचपाखाडीतल्या एका ओळखीच्यांना असंच बिल आलं, ते घेऊन घरी आले, म्हणून आज लिहायला बसलोय.

वस्तू म्हणजे रेल्वेच्या गार्डची हातबत्ती. पितळी, वर चिमणीसारखं टोपण, आत काचा फिरवायची सोय, लाल, हिरवी आणि पांढरी. बुडाशी ठोकलेली अक्षरं जी. आय. पी. आर., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, त्याखाली १९१३. माझे आजोबा कल्याणला गार्ड होते. १९५१ साली जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण ते शेवटपर्यंत "जीआयपीत होतो" असंच सांगायचे. त्यांची बत्ती घरात कुणी ठेवली नाही, भंगारात गेली असणार. इंग्लंडमधल्या एका जुन्या सामानवाल्याने या बत्तीचा फोटो टाकला आणि मी अडकलो. शिवाय १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती आमच्याच गावाला आली. ठाणेकराला एवढं निमित्त पुरतं.

बत्ती चौदा हजारांना, पाठवणावळ पाच हजार दोनशे. सरकारने कर घेतला याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हौस माझी, कर मी भरणार. पण तो कुठल्या हिशेबाने घेतला हे पैसे देऊन झाल्यावर मलाच शोधून काढावं लागलं, हे मला अजून पचलेलं नाही.

हिशेब असा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना कस्टमच्या टॅरिफमध्ये, म्हणजे ड्युटीच्या दरपत्रकात, वेगळं घर आहे, क्रमांक ९७०६. तेव्हा तिथे मूळ ड्युटी १० टक्के, त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि सगळी बेरीज करून वर १२ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एकूण २४.३२ टक्के पडतात. (२२ सप्टेंबर २०२५पासून हा १२ टक्क्यांचा जीएसटी ५ वर आलाय, आत्ता मागवणाऱ्यांचं नशीब.) हे टक्के वस्तूची किंमत, भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागतात. त्यात एक मेख आहे. माल विमानाने आला तर भाडं कितीही भरलेलं असो, ते किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरायचं, असं मूल्यांकनाच्या २००७च्या नियमांत लिहिलंय. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के धरतात. म्हणजे माझ्या ५,२०० पैकी २,८००च मोजायला हवे होते. सगळं करून ड्युटी निघते साधारण ४,१२५ रुपये.

माझ्या बिलात होते ७,३१२. भाडं पूर्ण धरलेलं आणि बत्ती साध्या दिव्यांच्या रांगेत बसवलेली. वर ही ड्युटी "तुमच्या वतीने आगाऊ भरल्याबद्दल" कुरियर कंपनीचे १,१०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १९८. आगाऊ भरा असं मी कुणाला सांगितलं होतं? ओटीपी दिल्यानंतर बिलाची पीडीएफ मेलवर आली. आधी पैसे, मग हिशेब. आमच्या कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा असं करत नाही.

दिव्यांच्या रांगेत का गेली, ते खोक्यावरच्या पाकिटात सापडलं. विकणाऱ्याने इनव्हॉइसवर लिहिलं होतं, 'व्हिंटेज ब्रास लॅम्प, यूज्ड'. चार शब्द आणि चारही माझ्या मुळावर. 'व्हिंटेज'ला टॅरिफमध्ये काही किंमत नाही. 'ब्रास लॅम्प' म्हणजे दिवा झाला, संग्रहातली वस्तू नाही. आणि 'यूज्ड' सगळ्यात वाईट, कारण यंत्रसामग्री सोडून बाकी वापरलेला माल आपल्या परकीय व्यापार धोरणात 'रिस्ट्रिक्टेड' आहे, त्याला परवाना लागतो. पार्सल तिथेच अडकू शकलं असतं. सुटलं ही कृपाच म्हणायची. १९१३ हा आकडा बत्तीच्या बुडाशी होता, कागदावर नव्हता. सहारच्या विमानतळावर रोज इतकी खोकी उतरतात, त्यात माझी बत्ती उलटी करून बूड कोण बघणार? मी त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. त्याच्यापुढे जे ठेवलं ते त्याने वाचलं. ठेवणारी कुरियर कंपनी माझ्या नावाने, मला न विचारता ठेवत होती.

तसं विचारलं होतं म्हणा. शुक्रवारी दुपारी एसएमएस आला, "तुमचं पार्सल कस्टममध्ये आहे, केवायसी अपलोड करा", खाली एक लिंक. आता मला सांगा, असला मेसेज उघडायचा नाही हे आपण आईवडिलांना, सासूबाईंना किती वेळा बजावलंय? मी शहाण्यासारखा डिलीट केला. सोमवारी दुसरा आला, तोही उडवला. मंगळवारी फोन आला तेव्हा कळलं की हा मेसेज खरा होता. चोर आणि कंपनी एकाच भाषेत मेसेज पाठवतात, आणि चोराचं मराठी थोडं बरं असतं. ते दोन दिवस मिळाले असते तर बुडाचा फोटो पाठवला असता.

सोसायटीत दोघांनी सल्ला दिला, "गिफ्ट लिहायला सांगायचं ना!" अहो, ते दिवस गेले. पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू ड्युटीशिवाय यायची ती सवलत १२ डिसेंबर २०१९ला बंद झाली. राखी आणि जीव वाचवणारी औषधं एवढीच सुटली. किंमत कमी लिहायला सांगणं तर मला अजिबात पटत नाही. एक तर अधिकारी ती नाकारू शकतो. दुसरं, वाटेत काच फुटली तर विमा लिहिलेल्या किमतीएवढाच मागता येतो. चौदा हजारांची बत्ती तीन हजारांची म्हणून फोडून घ्यायची का?

वाशीचा माझा मित्र जुनी तिकिटं जमवतो. तो कुरियरच्या वाटेलाच जात नाही, रजिस्टर्ड पोस्टाने मागवतो. पार्सल बॅलार्ड पियरच्या विदेश डाक भवनातून येतं. महिना लागो की दीड, त्याला घाई नसते. पोस्टमन ड्युटीची रक्कम घेतो, पावती देतो, चहा घेऊन जातो. पण तिकिटाचं पाकीट आणि अडीच किलोची काचेची बत्ती यांत फरक आहे. हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, "मग तिकिटं जमव."

आता मी पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याला मजकूर लिहून पाठवतो आणि इनव्हॉइसवर तोच हवा म्हणून सांगतो. वस्तूचं नाव, बनल्याचं साल, वय शंभर वर्षांहून जास्त, संग्रहासाठी, टॅरिफ ९७०६. सोबत दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी आणि छापाचा जवळून फोटो. भाडं वेगळ्या ओळीत. एकाने "एवढी कटकट कशाला" म्हणून सौदाच मोडला. मोडू दे. वस्तू ९८ वर्षांची असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही. तिला दोन वर्षं तिथेच राहू द्यावं.

जास्तीचे तीन हजार परत मागता येतात का? कायद्याने येतात. रिफंडला एक वर्षाची मुदत आहे. पण सुप्रीम कोर्टाने २०१९ साली सांगितलंय की आधी मूळ आकारणी बदलून घ्या, म्हणजे अपील करा, मग रिफंड मागा. अपिलाची मुदत ६० दिवस. मी अर्जाचा मसुदासुद्धा केला होता. मग सहारच्या खेपा, रजा आणि वकिलाची फी मांडून बघितली आणि फाइल बंद केली. कंपनीला मेल मात्र तीन केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, त्यात माझं नाव चुकलेलं.

आणखी एक गंमत. बत्तीची हिरवी काच जरा तडकलेली आहे आणि तसली काच बसवणारा माणूस इंग्लंडमध्ये आहे. बत्ती त्याच्याकडे धाडावी म्हटलं, तर १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा. शंभर वर्षांची, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. बत्ती त्यात बसत नाही असं प्रमाणपत्र हवं तर पुरातत्त्व खात्याकडे जायचं, त्यांचं ऑफिस शीवच्या किल्ल्यावर. म्हणजे येताना ती साधा दिवा ठरली आणि जाताना पुरावस्तू ठरायची.

तूर्त ती टीव्हीशेजारी आहे, तडकलेली बाजू भिंतीकडे. कुरियरने आलेल्या वस्तूची आकारणी बदलून कुणी खरंच रिफंड मिळवलाय का इथे? मिळवला असेल तर किती खेपा झाल्या तेवढं खाली लिहा.