इतिवृत्ताला फुटलेल्या फांद्या

मला चित्र काढता येत नाही. काही लोक नम्रपणे असं म्हणतात आणि मग सहज म्हणून बिलाच्या मागे घोडा काढून दाखवतात. माझं तसं नाही. शाळेत मला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवलं होतं. स्मरणचित्राच्या सरावात मी कायम 'पावसातला बसथांबा' हाच विषय घ्यायचो, कारण त्यात सगळ्यांची तोंडं छत्रीखाली दडवता येतात. चित्रकलेच्या सरांनी एकदा कागद हातभर लांब धरला आणि विचारलं, "छत्र्या बऱ्या आहेत रे. पण बस कुठाय?" मी म्हटलं, "सर, अजून यायचीय." मला वाटतं, त्या उत्तरात सर्जनशीलता होती. पण तेव्हा तिला मार्क नसत. छडी असे.

त्यामुळे महापेच्या आमच्या कंपनीत एचआरचा मेल आला की शनिवारी वाशीला 'क्रिएटिव्ह थिंकिंग आणि व्हिज्युअल नोट-टेकिंग'ची कार्यशाळा आहे आणि हजेरी सक्तीची आहे, तेव्हा मी ताबडतोब उलट कळवलं की मला चित्रकला येत नाही. उत्तर आलं, "सर, तीच तर मजा आहे!" पुढे एक सूर्यफूल. मी परचेसला आहे. परचेसमधला माणूस सर्जनशील झाला तर पहिल्यांदा ऑडिटवाले धावत येतात, हे एचआरला कोण सांगणार?

निमंत्रणही चित्रमय होतं. हसरा सूर्य, दोन नारळ, नागमोडी रस्ता आणि रस्त्याच्या शेवटी पेटलेला बल्ब. बल्ब म्हणजे हॉल. वाशी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला मी तो कागद दाखवला. त्याने आधी कागद उलटा करून पाहिला, मग मला नीट पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सेक्टर सांगा."

आता गंमत बघा, हे आख्खं नवी मुंबई शहरच आधी कागदावर उमटलेलं आहे. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडली. १९७० साली ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, मग नोड म्हणजे शहराचे मोठे भाग पडले, नोडांत सेक्टर पडले. पण त्या मंडळींनी चित्र काढल्यावर त्यात आकडेही घातले. म्हणून तर नेरूळचा माणूस वाशीत पोचू शकतो. आमच्या निमंत्रणात आकडा नव्हता, त्यामुळे भावे नाट्यगृहाच्या मागंपुढं हिंडून, दोन क्लासेस आणि एका दातांच्या दवाखान्यात डोकावून मी हॉलवर पोचलो. हॉल निम्मा रिकामा होता. बाकीचे बल्ब शोधत होते.

शिकवणाऱ्या मॅडम उत्साही होत्या. दर दोन वाक्यांनी "वॉव" म्हणत. जगातलं सगळं काही टिंब, रेष, त्रिकोण, चौकोन आणि गोल या पाच आकारांत बसतं, असं सांगून त्यांनी फळ्यावर पाच सेकंदांत धावणारा माणूस काढला. तो खरोखरच धावत होता. मीही एक काढला. शेजारचे अकाउंट्सवाले बराच वेळ बघून म्हणाले, "टेबल फॅन?" मॅडम मागून आल्या. "वॉव सर, यात किती एनर्जी आहे!" मी उभा, शांत माणूस काढला होता.

मग त्यांनी खुणा शिकवल्या. बल्ब म्हणजे कल्पना, ढग म्हणजे विचार चालू आहे, बाण म्हणजे कृती. आमच्या घरी बल्ब दिसला की "कोणी चालू ठेवला?" ही एकच कल्पना सुचते, पण मी वहीत उतरवून घेतलं.

डार्विनच्या वहीचं एक पान पडद्यावर आलं तेव्हा मात्र मला जरा धीर आला. १८३७ सालच्या त्या पानावर त्याने चारदोन वेड्यावाकड्या रेषांचं फांद्याफांद्यांचं झाड काढलंय आणि वर लिहिलंय, "आय थिंक". आमच्या सरांनी त्याला शंभर टक्के वर्गाबाहेर उभं केलं असतं. ही वही आणि तिच्यासोबतची आणखी एक, अशा दोन वह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून वीसएक वर्षं बेपत्ता होत्या. २०२२ साली कुणीतरी त्या गुलाबी गिफ्टच्या पिशवीत घालून गुपचूप परत ठेवल्या, वर ग्रंथपालाला ईस्टरच्या शुभेच्छा. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा सगळे "ओऽऽ" म्हणाले. मी विचार करत होतो, इनवर्ड रजिस्टरला नोंद कशी घातली असेल?

गिरगटण्याचा भाग तर मला मनापासून आवडला. प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना एक मुद्दाम रटाळ केलेला फोनवरचा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार रंगवायला सांगितले. रंगवणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त आठवलं. हे २००९ साली प्रसिद्ध झालंय. मासिक आढावा बैठकीत मी वर्षानुवर्षं अजेंड्यावरच्या 'ठ' आणि 'ढ'ची पोटं भरत आलोय, ते विज्ञानाला धरून होतं तर. मी वळून आमच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते.

दुपारी माइंड मॅप आला. टोनी बुझान या इंग्रज गृहस्थांनी १९७४ साली बीबीसीवरून ही पद्धत लोकप्रिय केली. मेंदू सरळ ओळीत विचार करत नाही, तर फांद्याफांद्यांनी करतो, म्हणून त्याला ओळींच्या तुरुंगातून मोकळं करायचं. आता मोकळं कसं करायचं, याचे नियम ऐका. कागद आडवाच घ्यायचा. सुरुवात मधोमध आणि चित्रानेच. त्या चित्रात किमान तीन रंग हवेत. फांद्या वळणदार हव्यात, सरळ चालत नाहीत. बुंध्याशी जाड, टोकाला बारीक. आणि एका फांदीवर एकच शब्द. इतके नियम आमच्या शाळेतही नव्हते. तिथे फक्त समास पाडायचा असे. (त्या समासातून कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी एक आख्खी नोंदपद्धती उभी केली, हे त्या दिवशी कळलं. डावीकडे अरुंद पट्ट्यात खुणेचे शब्द आणि प्रश्न, उजवीकडे टिपणं, तळाला सारांश. आम्ही समासात फक्त 'प्र.' आणि 'उ.' लिहिलं आणि आयुष्य घालवलं.)

ब्रेनस्टॉर्मिंग फार टिकलं नाही. ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याचा पहिला नियम असा की कुणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही. विषय होता कॅन्टीन सुधारणे. टीका करायची नाही म्हटल्यावर अख्ख्या गटाकडे बोलायला काही उरेना. शेवटी डिस्पॅचवाले म्हणाले, "उसळ वाईट नसते, असं म्हटलं तर ती टीका होईल का?" यावर चहाची सुट्टी झाली. पुढे घरी वाचलं की येल विद्यापीठात १९५८ सालीच तपासून झालंय: चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात, त्यापेक्षा चार जण वेगवेगळे बसून जास्त काढतात. आमच्या गटाने हे अर्ध्या तासात आणि उसळीवर सिद्ध केलं होतं.

शेवटी टोप्या. एडवर्ड डी बोनो या माल्टात जन्मलेल्या डॉक्टरांची ही १९८५ची कल्पना. विचारांच्या सहा टोप्या: पांढरी म्हणजे नुसती माहिती, लाल भावना, काळी धोके, पिवळी फायदे, हिरवी नव्या कल्पना आणि निळी म्हणजे सभा चालवणारी. एका वेळी सगळ्यांनी एकाच रंगाची घालायची. आयुष्यात मला बऱ्याच जणांनी टोप्या घातल्यात, पण रंग सांगून आणि वर प्रमाणपत्र देऊन घातलेल्या याच. निघताना मॅडम म्हणाल्या, "हे वहीत ठेवू नका, रोजच्या लिखाणात वापरा."

रोज नसलं तरी माझं नियमित लिखाण एकच आहे. मी आमच्या नेरूळच्या सोसायटीचा मानद सचिव आहे आणि सभेचं इतिवृत्त मी लिहितो. पुढच्याच रविवारी पार्किंगवर विशेष सर्वसाधारण सभा होती. सदनिका ४८, स्टिल्टमधल्या, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालच्या, जागा ३१, आणि प्रत्येक कुटुंबाचं म्हणणं असं की बिल्डरने तोंडी कबूल केलं होतं. सभा तीन तास चालली. मी मिनिट्स बुक आडवं घेतलं आणि मुलीचे स्केचपेन काढले.

रात्री ही म्हणाली, "अहो, मिनिट्स बुकावर काय सांडलंय?"

मला ते पान आवडलं होतं, हे आजही सांगतो. मधोमध तीन रंगांची गाडी, तिच्यातून निघालेल्या वळणदार फांद्या, प्रत्येक फांदीवर एक शब्द, कडेने छोटे छोटे चौकोन करून लावलेल्या सगळ्यांच्या गाड्या. तीन तासांचं भांडण मी एका पानात बसवलं होतं. अडचण पुढच्या सभेत आली. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. या विषयाला एरवी अर्धं मिनिट लागतं. सचिव पुटपुटतो, कुणीतरी "कायम, कायम" म्हणतं आणि सगळे चहाकडे बघायला मोकळे होतात.

"सचिव, वाचा," अध्यक्ष म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेत. न वाचलेल्या कागदावर सही करत नाहीत.

"मध्यभागी एक गाडी आहे," मी सुरुवात केली.

"कोणाची?" तीन बाजूंनी आवाज आला.

"कोणाचीच नाही. प्रातिनिधिक आहे."

"नंबर नाही म्हणजे पाहुण्यांची," ३०२वाले उठले. "मी वर्षभर हेच सांगतोय. पाहुण्यांच्या गाड्या मधोमध लागतात."

"गाडीतून एक लाल फांदी निघते. तिच्यावर लिहिलंय, 'पाणी'."

"पार्किंगमध्ये पाणी कुठून आलं?"

"ते १०४च्या गळतीचं. एका फांदीवर एकच शब्द लिहायचा असतो."

"म्हणजे?" १०४च्या काकू आता उभ्या राहिल्या. "मी वीस मिनिटं बोलले होते. छतापासून सगळं सांगितलं. त्याचं तुम्ही 'पाणी' केलंत?"

पान हातोहात फिरायला लागलं आणि मग काही माझ्या हातात राहिलं नाही. बी-विंगवाल्यांच्या लक्षात आलं की ३०२ची फांदी वडाच्या पारंबीएवढी आणि त्यांची सुतळीएवढी. मी सांगितलं, बुंध्याशी जाड आणि टोकाला बारीक असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. त्यावर "म्हणजे आम्ही टोकाला?" असा प्रश्न आला, आणि खरं म्हणजे बी-विंग टोकालाच आहे. खजिनदारांना त्यांच्या नावावर ढग दिसला.

"ढग म्हणजे विचार चालू आहे," मी म्हटलं.

"हिशोबावर ढग? लेखापरीक्षण झालंय, साहेब! काय सुचवायचंय तुम्हाला?"

सभा हाताबाहेर चालली, तेव्हा मी शेवटचा उपाय म्हणून सुचवलं की दहा मिनिटं आपण सगळेच पांढरी टोपी घालू या. ५०१चे आजोबा तोवर झोपले होते. ते जागे होऊन म्हणाले, "कुठल्या पक्षाची?" पुढची दहा मिनिटं त्यातच गेली.

अखेर अध्यक्षांनी व्यवहारी तोडगा काढला. इतिवृत्त दुरुस्तीसह कायम करता येतं. ज्यांना दुरुस्ती हवी त्यांनी पुढे येऊन करावी. मी स्केचपेनचा डबा टेबलावर ठेवला. काकूंनी आपली फांदी हिरव्या रंगाने चांगली बोटभर जाड केली आणि 'पाणी'च्या पुढे छत, प्लंबर, २०४, नुकसानभरपाई असं सगळं लिहिलं, नियम मोडून. खजिनदारांनी ढगाला किरणं काढली. बी-विंगने सुतळीवर एवढी पानं काढली की ३०२ झाकले गेले. कॅन्टीनवर तोंड न उघडणाऱ्या आमच्या लोकांपेक्षा ही मंडळी फारच सर्जनशील निघाली, हे मी एचआरला कळवणार आहे.

३०२वाले मात्र काहीच न काढता कागदावर वाकून बोटाने चौकोन मोजत होते. एकदा मोजले, परत मोजले.

"यात ४८ च्या ४८ गाड्या मावल्यात," ते म्हणाले.

सगळे वाकले. खरंच मावल्या होत्या. मी कागदाच्या चारी कडांना आलेली जागा वापरली होती, त्यामुळे कुणाचीच गाडी बाहेर नव्हती. काकूंची तर लिफ्टच्या दाराशीच होती. सोसायटीच्या स्थापनेपासून आजवर न झालेली गोष्ट झाली: चित्राप्रमाणे अंमलबजावणी करावी, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक ३०२, अनुमोदक १०४. पानाची रंगीत झेरॉक्स काढून वॉचमनच्या केबिनमध्ये लावली.

रात्री साडेनऊला वॉचमनचा फोन आला. मागून हॉर्न ऐकू येत होते.

"साहेब, चित्रात खांब कुठेत?"

"खांबांचा विषय अजेंड्यावर नव्हता," मी म्हटलं.