वस्तऱ्याच्या पिना का काढल्या, एका कमेंटला उत्तर

दादा, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दीडशे वर्षांचा वस्तरा मी घासूनपुसून नवाकोरा केला आणि त्याची पार वाट लावली, पातं आणि मुठीच्या पट्ट्या जोडून ठेवणाऱ्या पिना काढायचं काही कारण नव्हतं, आणि मुठीच्या शिंगाला तेल पाजणं म्हणजे थोतांड. (दीडशे कशावरून हो? पात्याच्या मानेवर, म्हणजे धार संपते त्याच्या मागच्या दांड्यावर, नुसतं शेफील्ड या इंग्लंडमधल्या पोलादाच्या शहराचं नाव आहे, इंग्लंड असं नाही, आणि अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती १८९१ पासून झाली, म्हणून बहुतेक त्याआधीचा असावा, याच्यापुढे मी जाणार नाही.)

आधी पिना. पातं बाहेरून बरं दिसत होतं हे खरंय, पण मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधे साबण, केस, पाणी वर्षानुवर्षं साचत राहतं आणि तिथे फडकं पोचत नाही. पिनेचं डोकं कानशीने घासलं, बारीक पंचने हळूच ठोकून बाहेर काढली, तर आतून वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा गंज सांडला टेबलावर. मागच्या टोकाची पाचर शिशाची निघाली आणि तिच्यावर पांढरी पूड धरलेली, ती तर विषारीच. वरून दोन थेंब तेल सोडून गप्प बसलो असतो तर ते सगळं आतच राहिलं असतं ना.

शिंगाचं म्हणाल तर ते हाड नाही, आपल्या नखांचंच भावंड आहे, केराटिन. कोरडं पडलं की आकसतं, वाकतं, पापुद्रे सुटतात. तेलाने सुटलेले पापुद्रे चिकटत नाहीत आणि कसर लागून पडलेली भोकं बुजत नाहीत, एवढं तुमचं मान्य. पण दोन आठवडे नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात ते) ठेवल्यावर नवी पितळी पिन ठोकताना मुठीला चीर गेली नाही, कोरड्या शिंगावर हातोडी मारून मी आधी एक मूठ फोडलेली आहे त्यामुळे हे अनुभवाने सांगतोय. आणि काळं म्हशीचं शिंग त्या काळी आपल्याकडूनच शेफील्डला जायचं, मला वस्तरा मिळाला पुण्याच्या जुन्या बाजारात, म्हणजे म्हैस फिरून घरी आली म्हणायची!

आता पॉलिश. बफिंग मशीन मी लावलंच नाही, वस्तऱ्याची धार इतकी पातळ की क्षणात तापते, आणि साधारण दोनशे डिग्रीच्या वर गेली की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, मग कितीही पाजवा, टिकत नाही. सगळं हाताने, पॉलिश पेपरने केलं. पण तिथेच माती खाल्ली. पात्यावर पुसट नक्षीची अक्षरं होती, ४०० नंबरच्या पेपरखाली ती गेली, आणि फोटो काढताना मी ती बाजू मुद्दाम टाळली. तुम्ही नेमकं तेच पकडलंत, लाज वाटली खरं सांगतो.

दुसरा वस्तरा डब्यात पडलाय, त्याच्यावरही थोडी अक्षरं आहेत. त्याच्या पात्याला फक्त तेल आणि बारीक स्टील वूल, खड्डे राहिले तर राहू देत. पिना मात्र काढणार.