गरुड चोच फोडून घेत नाही

निवृत्तीच्या निरोप समारंभात, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आणि अधूनमधून व्हॉट्सॲपवर गरुडाची एक गोष्ट हमखास भेटते. गरुड म्हणे 70 वर्षं जगतो. चाळिशीत त्याची चोच वाकते, नख्या लुळ्या पडतात, पिसं जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन चोच खडकावर आपटून तोडतो, नवी आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं. 150 दिवसांत गरुड नवाकोरा, पुढची 30 वर्षं निश्चिंत.

आधी वय. रानातला गरुड 20-30 वर्षं जगला तरी पुष्कळ. अमेरिकेत 1977 साली ओळखीसाठी पायात कडी घातलेला एक बाल्ड ईगल (तिकडचा पांढऱ्या डोक्याचा गरुड) 2015 मध्ये न्यूयॉर्क राज्यात मेलेला सापडला. वय 38, आणि तोही विक्रम ठरला. म्हणजे गोष्टीतला गरुड डोंगराकडे निघतो, तोवर हा विक्रमवीरसुद्धा पोचला नव्हता.

चोच हा तर गोष्टीचा कणा. ती आतून हाडाची, कवटीचाच भाग. वर केराटिनचं आवरण, आपली नखं ज्याची असतात त्याचंच. हे आवरण जन्मभर वाढतं आणि शिकार फाडताना, खाऊन झाल्यावर फांदीवर चोच पुसताना झिजतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याची तेवढी झीज होत नाही, चोच खरोखर वाढते, आणि सांभाळणाऱ्यांना ती घासून द्यावी लागते. म्हाताऱ्या गरुडाची चोच वाकते असं ॲरिस्टॉटलनेही लिहिलंय. पण त्याचा गरुड उपाशी मरतो, तरुण होऊन परतत नाही.

आणि चोच खरंच तुटली तर? 2005 मध्ये अलास्कात ‘ब्यूटी’ नावाच्या बाल्ड ईगल मादीची वरची चोच गोळी लागून उडाली. तिला धड खाता येईना, माणसांना हाताने भरवावं लागलं. तीन वर्षांनीही चोच पुरती आली नव्हती. 2008 मध्ये तिला कृत्रिम चोच बसवली. डोंगर, खडक, निर्धार यांनी हे काम झालं असतं, तर इंजिनिअर कशाला लागला असता?

नख्यांची रचनाही तशीच, त्यामुळे तिथे वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

पिसांपुरता मात्र गोष्टीत सत्याचा एक कण आहे. गरुड पिसं बदलतो, पण उपटून नाही. जुनी थोडी थोडी गळतात, त्या जागी नवी येतात, आणि त्या काळातही त्याचं उडणं चालूच असतं. मोठ्या गरुडाला उडण्याची सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त लागतं. कोकण किनाऱ्यावरची काकण घार, म्हणजे समुद्री गरुड, बघा: तपकिरी पिल्लू चार-पाच वर्षांत असंच राखाडी-पांढरं होतं.

राहता राहिला 150 दिवसांचा उपास. उपासात एम्परर पेंग्विनचा नर पट्टीचा. अंडं उबवण्याच्या हंगामात तो चारेक महिने काही खात नाही. त्यासाठी अंगावर चरबीचे थर साठवतो आणि वजन भरपूर घटवून बसतो. तेवढी चरबी अंगावर घेऊन गरुड त्या डोंगरापर्यंत उडालाच नसता.