दोन कनेक्शने, एक संगणक : निपाणीच्या वाचकांच्या आक्षेपांना उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्याच्या कार्यालयात दोन इंटरनेट कनेक्शनांवर चालणाऱ्या लिनक्स संगणकाची जी मांडणी मी दिली होती, तिच्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. दोन डीफॉल्ट मार्गांना (वेगळी वाट ठरलेली नसेल तेव्हा धरायचे बाहेरचे रस्ते) वेगवेगळे मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) दिले की काम भागते, तेव्हा स्वतंत्र राउटिंग टेबल (कुठे जायला कोणती वाट याची यादी) आणि नियम हा पांडित्याचा सोस आहे, हा पहिला. आणि मोबाइल सिमचे पन्नास व फायबरचे तीस मेगाबिट एकत्र करून ऐंशीचा वेग मिळत असताना मी तो सोडून दिला, हा दुसरा. निपाणीत आपण स्वतः असेच कार्यालय सांभाळता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

केवळ संकेतस्थळे पाहणाऱ्या संगणकापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. तिथे लिनक्समध्ये जोडण्या सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर वायरीला १०० आणि वायफायला ६०० असे मेट्रिक आपणहून देतो, लहान आकड्याचा मार्ग आधी धरला जातो आणि विषय संपतो. उद्यमबागेतला संगणक मात्र बाहेरून येणाऱ्यांना उत्तरही देतो, कारण हिशेबनीस खानापुरातल्या घरून त्यात काम करतात. मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक पत्ता ठेवतात, त्यामुळे सिमच्या बाजूने आत येणे होत नाही. फायबरचा पत्ता स्थिर आहे, पण वेग बेताचा. म्हणून रोजची जाणारी रहदारी सिमकडे आणि येणारी फायबरकडे, अशी विभागणी आहे.

आता केवळ मेट्रिकवर भिस्त ठेवली तर काय होते ते पाहू. खानापूरहून निघालेली विनंती फायबरच्या राउटरमार्गे १९२.१६८.१.१० या पत्त्यावर येते. उत्तर पाठवताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नेहमीच्या टेबलात फक्त 'कुठे जायचे' एवढेच पाहतो, 'कोणत्या पत्त्यावरून' हे पाहत नाही. साहजिकच लहान मेट्रिकचा सिमचा मार्ग निवडला जातो. सिमचा राउटर १९२.१६८.८ च्या जाळ्यातला. त्याला हे परके पॅकेट (माहितीचा तुकडा) मिळाले की तो ते टाकून देतो, किंवा त्यावर स्वतःचा सार्वजनिक पत्ता चढवून पुढे धाडतो. आणि ज्या पत्त्याला हाकच मारली नव्हती त्याच्याकडून आलेले उत्तर खानापूरचा संगणक स्वीकारत नाही. रिव्हर्स पाथ फिल्टर (आलेल्या पॅकेटचे उत्तर त्याच नेटवर्क कार्डावरून जाणार नसेल तर ते अडवणारी कर्नलची चाळणी) कडक ठेवलेला असेल तर गोष्ट इथवरही येत नाही. टीसीपीडम्प हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन लावून पाहिले, की फायबरच्या कार्डावर तीच विनंती वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा येताना दिसते आणि दोन्ही कार्डांवर उत्तराचा मागमूस नसतो, कारण टीसीपीडम्पला पॅकेट दिसते ते फिल्टरने अडवण्याच्या आधी. अशा वेळी फिल्टरच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही.

उपाय मोजक्या ओळींचा आहे. १९२.१६८.१.१ हा गेटवे (बाहेर पडण्याचे दार, म्हणजे फायबरचा राउटर) असलेले वेगळे टेबल करावे आणि '१९२.१६८.१.१० वरून निघालेल्यांनी या टेबलात पाहावे' असा नियम मुख्य टेबलाच्या ३२७६६ क्रमांकाच्या नियमाआधी बसवावा. फिल्टरही उलट दिशेची चौकशी याच नियमांतून करतो, त्यामुळे तो कडक राहूनही पॅकेट आत येऊ देतो. त्या टेबलात स्थानिक जाळ्याचा मार्गही लिहावा, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या संगणकाला दिलेले उत्तरसुद्धा राउटरला वळसा घालून जाते. यात पांडित्य कोणते, ते मला समजलेले नाही.

वेगाच्या बेरजेबद्दल थोडक्यात. दोन गेटवे एकाच मार्गात वजनासह बांधता येतात, परंतु कर्नल ४.४ पासून ही वाटणी पत्त्यांच्या हॅशवर (पत्त्यांवरून गणिताने काढलेल्या आकड्यावर) होते आणि एक संभाषण एकाच कनेक्शनवर राहते. दहा जण दहा ठिकाणी काम करत असतील तर दोन्ही कनेक्शने उपयोगी पडतात. एकच मोठी फाइल उतरवताना मात्र ऐंशी दिसणार नाहीत. हॅशमध्ये पोर्टही (संभाषणाचा दार-क्रमांक) धरले तर एकाच बँकेशी झालेली दोन संभाषणे दोन पत्त्यांवरून जाऊ शकतात, आणि पत्ता बदलला की बाहेर काढणारी संकेतस्थळे आपणही पाहिली असतील. एकच संभाषण दोन्ही कनेक्शनांवर वाटून खरी बेरीज करणारा मल्टिपाथ टीसीपी लिनक्समध्ये २०२० साली ५.६ या आवृत्तीत आला, पण तो दोन्ही टोकांना असावा लागतो.

आपण न काढलेला एक मुद्दा मात्र मेट्रिकच्या विरोधात सर्वांत जड आहे. पावसाळ्यात रस्त्याकडेला कुठे फायबर तुटली, तरी संगणक आणि राउटर यांच्यामधली वायर शाबूत असते. कर्नलच्या लेखी मार्ग चालू आणि मेट्रिक जैसे थे. म्हणून राउटरपलीकडच्या एखाद्या पत्त्याला त्या त्या कार्डावरून ठरावीक वेळाने पिंग करून, म्हणजे उत्तर येते का ते पाहून, मार्ग काढणारी वा घालणारी छोटी स्क्रिप्ट, टेबल एक असो वा तीन, ठेवावीच लागते.

आपल्या कार्यालयात 'आयपी रूट गेट' ही आज्ञा बाहेरचा कोणताही पत्ता आणि 'फ्रॉम' पुढे फायबरच्या कार्डाचा पत्ता देऊन चालवून पाहावी. उत्तरात सिमच्या कार्डाचे नाव आले, तर बाहेरून आपल्या फायबरवर येणाऱ्यांचे काय होत असेल ते वर लिहिलेच आहे.

कळावे.