डिझेलच्या वासाचे बोंबील कसे खावेत

परवा रविवारी भुसावळच्या बाजारातून अर्धा किलो सुके बोंबील आणले. कळण्याची भाकर आणि बोंबलाची चटणी, यापुढे आपल्या खान्देशी माणसाला काय पाहिजे! पण तव्यावर टाकले आणि घरभर असा वास सुटला की बायको म्हणे गॅरेजातून आणले का. दुकानदाराकडे परत गेलो तर तो म्हणतो, "भो, मासाना वास शे, गुलाबना नही." आता डिझेल ट्रकमध्ये सांडलं, बोटीत सांडलं की समुद्रातच होतं, देव जाणे. तुमच्यावर ही वेळ येणारच, म्हणून काही अनुभवाचे सल्ले.

पहिलं, नाकावर विश्वास ठेवू नका.

दुसरं, नात्यात एक तरी तेल कंपनीतला माणूस ठेवा. माझे साडूभाऊ आहेत (कंपनी कुठली ते विचारू नका, दिवाळीला एकत्र बसायचंय). फोनवर म्हणाले, "अहो समुद्र केवढा मोठा, तेल सांडलं तर मासे पोहून दुसरीकडे जातात." अगदी बरोबर. मासा जाईल हो, पण अंडं कुठे जाईल? कितीतरी माशांची अंडी पाण्यात वरवर तरंगतात, तेलही वरच तरंगतं, म्हणजे गाठ पडणारच. आणि क्रूडमधली, म्हणजे कच्च्या तेलातली, काही द्रव्यं अगदी चिमूटभर असली तरी अंड्यातल्या पिल्लाचं हृदय नीट बनत नाही, ते मरतं नाहीतर धड पोहत नाही. असं पिल्लू किनाऱ्याला लागत नाही, त्याचा फोटो निघत नाही. आपल्याकडे वादळात केळी आडवी झाली तर निदान तलाठी तरी येतो पंचनाम्याला, उशिरा का होईना. माशाच्या अंड्याला तलाठी कुठला? अलास्कात 24 मार्च 1989 ला एक्झॉन वाल्डेझ नावाचं जहाज खडकावर चढलं, साधारण 1 कोटी 10 लाख गॅलन क्रूड समुद्रात गेलं. तिथला हेरिंग मासा 1993 मध्ये बसला तो बसलाच, अजून पहिल्यासारखा उठला नाही. तेलाने बसला की रोगाने, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात, आणि कंपन्यांना अजून काय पाहिजे, भांडण चालू राहिलं म्हणजे झालं! हे सांगितलं तर साडूभाऊ म्हणाले, "बघा, सिद्ध कुठे झालंय?"

तिसरं, समुद्रातून तेल काढायच्या प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती मासे जमतात, ते बघून खूश व्हा. जमतात, खोटं नाही. फक्त 500 मीटरच्या आत मच्छीमाराने बोट न्यायची नाही. म्हणजे मासा आहे, समोर आहे, पण पकडायचा नाही, आपल्याकडे लग्नात व्हीआयपींचं ताट वेगळं असतं तसं.

चौथं, तेल दिसेनासं करा. मेक्सिकोच्या आखातात 2010 मध्ये विहीर फुटली, 87 दिवस वाहत होती, तर त्यांनी जवळजवळ 18 लाख गॅलन रसायन टाकून तेलाचे बारीक बारीक थेंब केले. वरून कमी दिसलं की झालं. मी पण बोंबलावर लिंबू पिळून पाहिलं.

पाचवं, पापलेट 2023 पासून आपला राज्यमासा आहे, तेव्हा तेल त्याच्याजवळ यायला घाबरेल.

सहावं, तेल शोधायला पाण्यात हवेच्या तोफा फोडतात त्याची काळजी नको. 2017 मध्ये छापून आलेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात एका तोफेने सव्वा किलोमीटरपर्यंतचे सूक्ष्म जीव मेलेले सापडले, म्हणजे माशाचं जेवणच गेलं, पण उपवास तब्येतीला चांगला असतो. पालघर-डहाणूचे मच्छीमार या सर्व्हेच्या नावाने वर्षानुवर्षं ओरडताहेत, जाळी काढा, बाजूला व्हा, भरपाई नंतर बघू, आणि ती नंतर कधी येत...

जाऊ द्या, नाही जमत आता गंमत करायला. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबईसमोर दोन जहाजं धडकली, सुमारे 800 टन तेल सांडलं, आठवतं कोणाला? 2017 च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला पुन्हा तेच, आणि तेल काढायला माणसं कशाने? बादल्यांनी! चंद्रावर यान पाठवणारा देश हो आपण, बादल्या! आणि आपण काय करतो? समुद्र आपल्यापासून चारशे किलोमीटर, आपल्याला काय त्याचं. जानेवारी 2024 मध्ये टँकरवाल्यांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून गाड्या निघेनात, तर पंपावर कशा मारामाऱ्या केल्या, तेव्हा तेल चारशे किलोमीटरवरचं नव्हतं वाटतं! मी पण होतो रांगेत, दोन बाटल्या घेऊन. अंडी घालायच्या दिवसात तोफा कशाला फोडता, मच्छीमाराच्या पोटाचा पंचनामा का नाही, हे विचारायला आपली जीभ उचलत नाही. वाघ होतो आपण फक्त त्या बोंबीलवाल्यासमोर, ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही.

परवा अर्धा तास भांडलो त्याच्याशी. शेवटी त्याने पन्नास रुपये परत दिले, आणि मी जिंकल्यासारखा घरी आलो.