पॅरिसमध्ये जेवायचं आणि वर टिपही द्यायची?

जेवण संपलं की वेटर कार्डाचं मशीन नाकासमोर धरतो. पडद्यावर 10, 15, 20 टक्के. दर वेळी! अहो, फ्रान्समध्ये मेन्यूवरच्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात, तसा नियमच आहे. बिलावर तळाशी बारीक अक्षरात ते छापलेलंही असतं. मग हे वरचे कशाचे? शेजारच्या टेबलावरचे फ्रेंच आजोबा बशीत दोन नाणी टाकून निघून गेले, त्यांना कोणी हटकलं नाही. आमचं इंग्रजी कानावर पडलं की मात्र मशीन पुढे येतं.

पाण्याचंही तेच. नळाचं पाणी फुकट मिळतं हे मेन्यूवर किंवा भिंतीवर दिसेल असं लिहायचं, असा 2022 पासूनचा कायदा आहे. तरी विचारतात काय, तर "साधं की सोड्याचं?" काहीही सांगा, येते ती बाटलीच. आणि बिलात लागते ती वेगळी. 'कराफ द'ओ', म्हणजे नळाच्या पाण्याचा जग, असं ठणकावून मागितलं तर कपाळावर आठ्या.

चांगलं वाढलं तर मी खुशीने देईन हो. पण वेटर डोक्यावर उभा राहून बोटाकडे बघतोय आणि आपण चोरासारखं 'टिप नाही' दाबायचं, ही शुद्ध दमदाटी आहे.